पगाराचा रुपया

३१ मे २०२५, शनिवार. चौंडीत अहिल्यादेवींची तीनशेवी जयंती. जामखेडच्या वाटेवर गाड्यांची रांग, पिवळे फेटे, भंडारा, भाषणं. त्याच दिवशी माझी भाची, म्हणजे मामेबहिणीची मुलगी, नगरमधल्या एका संस्थेच्या ऑफिसात संगणकासमोर बसली होती. वर्षभरात कोणी किती देणगी दिली, कुणाचा पॅन नंबर काय, याची यादी आयकर खात्याच्या पोर्टलवर चढवायची होती. १०बीडी म्हणतात त्या विवरणाला. मुदत ३१ मेची. चुकली तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क, आणि देणगीदाराची ८०जीची सवलत अडकते ती वेगळी.

संध्याकाळी तिच्या वडिलांशी, आमच्या दाजींशी, फोनवर बोलणं झालं. पोरगी अजून ऑफिसातच म्हटल्यावर दाजी म्हणाले, "पाव्हणं, संस्थेत आहे ते ठीक. पण हिला नोकरी कधी लागायची?"

तीन वर्षं झाली तिला तिथे. बी.कॉम. केलंय, टॅली येतं, एमएसडब्ल्यूही केलं. संस्थेचा दोन वर्षांपूर्वी रखडलेला परवाना तिने कागद जुळवून मिळवला. तरी घरात ती अजून नोकरीला लागलेली नाही. हा दाजींचा एकट्याचा गैरसमज असता तर मी सदर खर्ची घातलं नसतं. अख्ख्या जिल्ह्याचा आहे. समाजसेवा करणारा मोठा, शेतात राबणारा मोठा, आणि या दोघांचा हिशेब ठेवणारा मात्र वरखर्च, असं आपण धरून चाललोय.

अहिल्यादेवींचंच बघा. होळकरांकडे दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. राज्याचा महसूल दौलतीचा. खासगीची जहागीर बाजीराव पेशव्यांनी १७३४ साली गौतमाबाईंच्या, म्हणजे अहिल्यादेवींच्या सासूबाईंच्या नावे दिली होती. काशीपासून सोमनाथापर्यंत देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे ही खासगी होती. दानाचा पैसा कोणत्या पिशवीतून निघतो हे त्या घराण्याला अडीचशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. देऊळ बांधून काम संपत नाही. पूजेची, दिव्याची, अन्नछत्राची, पडझडीची दर वर्षीची तजवीज लागते, ती तजवीज कोणीतरी लिहून ठेवावी लागते, आणि लिहिणाऱ्याला पगार द्यावा लागतो. त्यांचं नाव आपण जिल्ह्याला दिलं. त्यांच्यासारखी वही ठेवणारी माणसं आपल्याला कुठे हवी आहेत?

हा जिल्हा संस्थांचा आहे आणि ते आजचं नाही. १८३९ साली सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई नगरला आली. अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळांची देखरेख करायला तिला हिंदुस्थानात धाडलं होतं. शाळा काढणं, शिक्षक नेमणं, मुली येतात का ते बघणं, परदेशी देणगीदारांना पत्रं लिहिणं, हे तिचं काम. आजच्या भाषेत प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर. नगरच्या मुलींच्या शाळा जोतिरावांनी पाहिल्या. सावित्रीबाई शिक्षिकेचं काम शिकल्या त्या याच फरार बाईंच्या संस्थेत. १८६२ साली बाई नगरमध्येच वारली. भिडेवाड्याची गोष्ट शाळेतल्या प्रत्येक पोराला सांगतात, आणि सांगायलाच हवी. पण त्या गोष्टीच्या एक पाऊल आधी नगरमध्ये एक चोख कारभार चालू होता, हेही सांगा की.

आता जामखेड. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. पुढचं जगाला माहीत आहे. खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, बऱ्याचशा दलित बायका गावच्या आरोग्यसेविका झाल्या. बाळंतपणं सुखरूप होऊ लागली, मुलं वाचू लागली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरच्या निवडक प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टर दांपत्याला आणि त्या सेविकांना जितका मान द्यावा तितका थोडा. मी त्यांच्या पलीकडे बघतोय. या बायका दर आठवड्याला जामखेडला शिकायला येत, मुक्काम करत. एसटीचं भाडं कोणी काढून ठेवलं? स्वयंपाकाचा शिधा कोणी भरला? कोणत्या गावात किती जन्म, किती मृत्यू, कोणत्या बाईला कितवा महिना, हे आकडे कोणी एकत्र लावले? बालमृत्यू घटले असं म्हणता येतं, कारण आधी किती होते ते कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. नोंद नसती तर जामखेड हा एका तालुक्यातला चांगला दवाखाना एवढंच राहिलं असतं. जगाने वाचावं असं काही उरलं नसतं.

आणि हिवरे बाजार. तिथे सहली जातात, बंधाऱ्यावर फोटो काढतात, पोपटराव पवारांशी हात मिळवतात आणि परत येतात. मला त्या गावाची सगळ्यात मोठी गोष्ट बंधारा वाटत नाही. पाण्याचा ताळेबंद वाटते. पाऊस किती पडला ते मोजतात. विहिरींची पातळी बघतात. माणसांना किती, जनावरांना किती, आणि उरलेलं शेतीला किती, हे ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात. ऊस, केळी नाही. शेतीला बोअर नाही. बंधारे आपल्या जिल्ह्यात पायलीला पन्नास सापडतील, गाळाने भरलेले. ताळेबंद नव्हता म्हणून भरले. पाणी अडवणारे पुष्कळ झाले, पाणी लिहिणारे झाले नाहीत.

फादर हर्मन बाकर यांनी नगरच्या सोशल सेंटरमधून आणि पुढे १९९३ पासून वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टमधून पाणलोटाचं काम उभं केलं. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्याचं नावाजलेलं गाव. चर खणायला घाम लागतो. पण चराची लांबी, मजुराची हजेरी, बँकेतून निघालेली रक्कम हे तिन्ही जुळलं नाही, तर दुसरा हप्ता येत नाही आणि डोंगर अर्धा राहतो. पाणलोटात काम केलेल्या कुणालाही विचारा, मोजमाप वही आणि हजेरीपट ही काय चीज आहे.

कागदाचं काम माणसापासून लांबचं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी नगरच्या स्नेहालयाचं काम ज्या वस्तीत सुरू झालं त्या वस्तीचा विचार करावा. १९८९ साली गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या सोबत्यांनी देहविक्रय करणाऱ्या बायका आणि त्यांची मुलं यांच्यासाठी हे काम सुरू केलं. अशा वस्तीतल्या मुलाला भाकरी आणि माया मिळाली तरी पुढे शाळेचा दाखला लागतो, जन्माची नोंद लागते, आईचं आधार लागतं. आईकडे पत्त्याचा पुरावा नसतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की देहविक्रय करणाऱ्या महिलांना पत्त्याच्या पुराव्याविना आधार द्यावं. एड्स नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र चालेल. निकाल दिल्लीत लागतो. तो वाचून, नमुना काढून, सही आणून, बाईला सोबत घेऊन केंद्रावर रांगेत उभं राहणारा माणूस देशातल्या प्रत्येक अशा वस्तीत लागतो. त्याला तुम्ही क्लार्क म्हणा. त्या बाईचं नाव देशाच्या दफ्तरी त्याच्यामुळे चढतं. शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांना माउली संस्थेत आणतात. ज्या बाईला स्वतःचं नाव आठवत नाही, तिची फाइल उघडणं हे मला पूजेइतकं पवित्र काम वाटतं.

मग अशा कामाला पैसा कोण देतं? इथे मला चीड येते.

"आमची देणगी थेट गरजूंना जाऊ द्या, पगारावर एक रुपयाही नको." हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. चांगली माणसं बोलतात. मुलाच्या वाढदिवसाला धान्य देतात, वह्या देतात, आजोबांच्या स्मरणार्थ खोली बांधतात. खोलीवर फरशीत नाव कोरतात. त्या खोलीची वीज, त्या धान्याची नोंद, त्या वह्या मोजून वाटणारी मुलगी, ही कोणाच्या स्मरणार्थ? कुणाच्याच नाही. साहेब, तुमच्या कारखान्यात अकाउंटंट आहे ना? दुकानात मुनीम आहे ना? त्याचा पगार तुम्ही धंद्याचा खर्च धरता. अनाथ पोरांच्या वसतिगृहाचा हिशेब तेवढा फुकटात व्हावा, आणि तोही बिनचूक?

सीएसआरवाल्यांनी आणखी एक गोंधळ घातलाय. कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ठरावीक मापाच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. सुपे एमआयडीसीपासून नागापूरपर्यंत संस्थांची प्रपोजलं फिरू लागली. त्या नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कोणाला? कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारावर करायच्या खर्चाला. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यावर थेट होणारा खर्च त्यात धरायचा नाही, असं नियमातच लिहिलंय. तरी संस्थेच्या प्रपोजलमधला को-ऑर्डिनेटरचा पगार ५ टक्क्यांचं बोट दाखवून कापला जातो. नियम वाचा. आणि संस्थावाल्यांनो, तुम्हीही वाचा. समोरचा म्हणाला म्हणून मान डोलावू नका. नियम वाचणारा माणूस ऑफिसात नसल्यामुळे त्याच माणसाचा पगार कापला जातोय.

परदेशी निधीचा कायदा तर आणखी कडक. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून थेट २० वर आणली. ऑफिसचं भाडं, गाडीचा खर्च, हिशेब ठेवण्याचा आणि अहवाल लिहिण्याचा खर्च, सगळं त्यात मोजतात. म्हणजे एकीकडे अहवाल वाढवायचे आणि दुसरीकडे अहवाल लिहिणाऱ्याची भाकर मोजायची. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने आपला परदेशी निधी दुसरीला देणंही बंद केलं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेच्या आधाराने आपल्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावर काम करणारी लहान संस्था परदेशी पैशाच्या बाबतीत एकटी पडली. पारदर्शकता हवीच. माहितीचा अधिकार ज्या राळेगणसिद्धीतून मागितला गेला, त्या राळेगणच्या जिल्ह्यात हिशेब दाखवायला कुणी का-कू करू नये. पण हिशेब दाखवायला हिशेबनीस लागतो आणि हिशेबनिसाला घर असतं.

अमेरिकेतही हे रडगाणं आहे. २००९ साली ॲन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड या दोघांनी त्याला उपासमारीचं चक्र म्हटलं. देणगीदार कमी खर्चाची अपेक्षा धरतात, संस्था खर्च कमी करून दाखवते, मग देणगीदाराला तेवढाच खर्च पुरेसा वाटतो आणि अपेक्षा आणखी खाली जाते. आपल्याकडच्या संस्था या चक्राला त्याग म्हणतात आणि भिंतीवर लावतात.

विश्वस्तांना मोकळं सोडणार नाही. एका लहान संस्थेचं सांगतो, नाव घेत नाही. संस्थापक गेले. थोर माणूस. विश्वस्त मंडळातले आणखी दोघे आधीच गेलेले. नवे नेमले, ठराव झाला, हार घातले. पण चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात कुणी दिलाच नाही. १९५० च्या विश्वस्त कायद्याने बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. पाच वर्षांनी बँकेने विचारलं, सही करणारे तुम्ही कोण? शेड्यूल १ च्या उताऱ्यावर अजून मेलेल्यांची नावं. खातं थांबलं. तीन महिने वसतिगृहाचा किराणा उधारीवर आला. दुकानदार भला म्हणून पोरं जेवली. तिथे पैसा होता, माया होती, नियत साफ होती. नव्वद दिवस मोजणारं माणूस नव्हतं.

अशा संस्था तालुक्या-तालुक्यात आहेत. प्रोसिडिंग बुक एका खुर्चीत बसून वर्षाचं एकदम लिहायचं. ऑडिट सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीएच्या पाया पडून उरकायचं. ऑफिसातल्या मुलाला नेमणूकपत्र नाही, पीएफ नाही, रजेचा नियम नाही. महिन्याला हातात ठेवतात त्याला मानधन म्हणायचं, म्हणजे वाढ मागायची सोय नाही. वीस माणसं कामाला असली की भविष्य निर्वाह निधी लागतो. म्हणून एकोणीस दाखवायची. जी संस्था शेतमजुराच्या किमान वेतनाबद्दल मोर्चा काढते, तिने आपल्या टायपिस्टला किती देतो ते आधी फलकावर लिहावं.

आता मुलांनो, तुमच्याशी. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत सातवं वर्ष काढणाऱ्या पोरांशी तर खास. सरकारात जाऊन लोकांचं काम करायचंय म्हणता. लोकांचं काम सरकारबाहेरही आहे आणि ते शिकता येतं. नगरलाच सीएसआरडीत एमएसडब्ल्यू होतं. पुण्यात कर्वे संस्था १९६३ पासून आहे. तुळजापूरला टाटा संस्थेचं ग्रामीण केंद्र १९८६ पासून आहे, नगरहून एका दिवसात जाऊन बघून येता येईल. आणि नुसतं बी.कॉम. असेल तरी दार बंद नाही. उलट मी सांगतो, संस्थांना भाषण करणारी माणसं मिळतात, जमा-खर्चाचं पान वाचणारी मिळत नाहीत.

शिकायचं काय? विश्वस्त कायदा मराठीतून वाचा, कंटाळा करू नका. ठराव नेमका लिहायला शिका: तारीख, सूचक, अनुमोदक, किती रक्कम, कोणाला अधिकार. बजेट मांडायला शिका आणि ते का मोडलं हेही सांगायला शिका. प्रपोजल इंग्रजीत लिहिता आलं पाहिजे, आणि तेच अकोले तालुक्यातल्या ग्रामसभेत मराठीतून सांगता आलं पाहिजे. हे दुसरं जास्त अवघड आहे. महिन्यातले चार दिवस फील्डवर जा. नाहीतर व्हाउचर हे नुसतं व्हाउचर वाटायला लागतं, त्यामागची म्हातारी दिसत नाही. आणि "नाही" म्हणायला शिका. विश्वस्त म्हणतील, बांधकामाचा पैसा तात्पुरता पगाराला वळवा, पुढच्या महिन्यात बघू. त्या क्षणी हात आखडता घेणारा व्यवस्थापकच ती संस्था वाचवतो.

खोटं सांगून बोलावणार नाही. कंपनीतल्यापेक्षा पगार कमी असेल. तीन वर्षांचा प्रकल्प संपला की खुर्ची हलते. संस्थापकाचा स्वभाव सांभाळावा लागतो, आणि थोर माणसांचे स्वभाव सोपे नसतात. पण दहा वर्षांत हिशेबनिसाचा वित्तप्रमुख, को-ऑर्डिनेटरचा संचालक होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि पाहिलंय की ज्या मुलीने दाखल्यासाठी सहा खेटे घातले, तिच्याकडे बारावी झालेला पोरगा पेढे घेऊन पहिल्यांदा येतो, संस्थापकांकडे नंतर जातो.

माझ्या भाचीचं १०बीडी त्या रात्री साडेदहाला भरून झालं. पोर्टल दोनदा पडलं. एका देणगीदाराचा पॅन चुकीचा निघाला, तो लग्नात होता, तिथे फोन करून दुरुस्त केला. घरी पोचली तेव्हा टीव्हीवर चौंडीची बातमी पुन्हा लागली होती.

पुढे दिवाळीला गेलो तेव्हा दाजींच्या ओसरीवर चार माणसं बसलेली. एकाकडे सातबारा, एकाकडे पीकविम्याचा कागद, दोघी बायका बचत गटाचं रजिस्टर घेऊन आलेल्या. सगळ्यांना पोरीची वाट. "हिला कागद कळतात," दाजी म्हणाले. गावात आता सगळे तिलाच विचारतात. माणसं गेल्यावर चहा पिता पिता त्यांनी सावकाश विषय काढला. धाकटा नगरला अभ्यासिकेत आहे, तिसरी पूर्वपरीक्षा गेली. हिच्या संस्थेत त्याच्यासाठी एखादी जागा आहे का?

मी भाचीकडे बघितलं.

"जागा आहे, मामा," ती म्हणाली. "मार्चपासून रिकामी आहे. कामही पडून आहे. तिच्या पगाराला देणगीदार मिळत नाहीये."